हापशाच्या पाण्यातली डाळ

स्टोव्हची ज्योत पिवळी पडली तरी डाळ खडाच. सिंधुनं पळीत चार दाणे घेऊन बोटानं दाबले. दबतायत कुठं! टुणकन उडाले. रॉकेल संपत आलेलं. रेशनचं, आता पुढल्या महिन्यातच.

आन् केवढा बेत होता तिचा! लातूर नवा जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी उघडली, देगलूरकडच्या सिंधुला तिथं टायपिस्टची नोकरी लागली. एकटीच आली. खानावळ परवडेना, दुष्काळात भाजी दिसंना. पण हे तर डाळमिलांचं गाव. तुटकी डाळ मातीमोल मिळायची. सकाळी साधं वरण, रात्री त्यालाच लसणाची फोडणी, उरलं तर पीठ मळून डब्याला धपाटे. एकटं माणूस म्हणून काय वाईट खावं?

पण डाळच शिजंना. तिनं दुकान बदललं, सोडा टाकला, आदल्या रात्री भिजवून बघितली. शेवटी रोज पिठलं. गावाकडं तीच डाळ लोण्यावानी व्हायची. तिला वाटायचं, आपल्यालाच येत न्हाई.

घरमालकीण सरजाबाईंची सून, पंचफुला, कालच माहेराहून आलेली. कडेवर लेकरू घेऊन ती दारात डोकावली आन् खो खो हसायलाच लागली.

"अगं बया, हापशाच्या जड पाण्यात डाळ टाकलीस? तुला पेन्शन बसंल, पण ही शिजायची न्हाई!"

"मग काय करू, वैनी?"

"आडाचं घे की. अंगणात गोड्या पाण्याचा आड असून रस्त्यावरचा हापसा कशाला हापसतीस?"

"मावशी म्हणल्या, आड आटलाय."

"आटलाय? मग आम्ही सकाळी काय पेलो? जा, आण घागर भरून!"

सिंधुला राग आला न्हाई. दुष्काळात कुणी पाणी जपलं तर राग कशाचा? आन् मावशींचा राग तर तिला येणंच शक्य नव्हतं. ह्या गावात ती दारोदार फिरली होती. खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की भरायची. सरजाबाईंनी तेवढं विचारलंच न्हाई. ही खोली, जा, झोप लेकरा, म्हणल्या. लोणचं झालं की फोड आणून द्यायच्या, दारातूनच, वरून तिच्या ताटलीत टाकायच्या. आत या म्हणलं की, "कामं पडलीत गं माय," म्हणून निघायच्या.

अशा बाईपासून लपवून तिच्या आडाला घागर लावायची? सिंधुला जमंना. ह्या सगळ्या गावात एकच घर होतं, जिथं तिला कुणाची मुलगी हाय ते सांगावंसं वाटत होतं. म्हणजे काय, मावशी म्हणणार, मग काय झालं. तेवढं एकदा कानानं ऐकायचं होतं तिला.

ती घागर घेऊन अंगणात आली. सरजाबाई आडाजवळच ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"मावशी, आडाचं पाणी घेऊ का? डाळ शिजंना." तिनं घागर खाली ठेवली. "पण आधी एक सांगते. तुम्ही कधी इचारलं न्हाई म्हणून ऱ्हायलं. आम्ही जयभीमवाले हाव."

बोलून टाकलं.

सरजाबाईंनी मान वर केली. राग न्हाई, नवल न्हाई. रोज हसायच्या तशाच हसल्या, त्याच मायेनं.

"इचारायचं काय त्यात? तू आलीस त्याच दिवशी वळखलं की, लेकरा. म्हणून तर म्हणलं, आड आटलाय."