हाती दिलेलं पाकीट

मत्सराला व्हिसा लागत नाही. माणसाच्या आधी तोच विमानातून उतरतो. बहारीनच्या हमद टाउनमधली पुष्पलताची शेजारीण श्रद्धा पोस्टानं मुंबईच्या कॉलेजात मानसशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र शिकत होती, आणि पुष्पलताचा नवरा विनय रोज जेवताना बायकोला ऐकवायचा, "बघ, घर सांभाळून शिकते!" बारावीला तालुक्यात पहिली आलेल्या पुष्पलताच्या घशाखाली मग घास उतरत नसे.

त्र्याण्णवच्या जूनमध्ये पुष्पलता रजेवर गावी निघाली. जाणाऱ्याच्या हाती सगळेच काही ना काही देतात, तसं श्रद्धानं एक बंद पाकीट दिलं. "वहिनी, तीस तारखेच्या आत कॉलेजच्या खिडकीवर जा, आणि हे तिथंच उघडा. विसरू नका हं, नाहीतर वर्ष फुकट जाईल!"

हे ऐकून पुष्पलताच्या जिभेवर गूळच विरघळला. महिनाभर ते पाकीट साड्यांच्या तळाशी सुखानं झोपलं.

परतल्यावर चेहरा पाडून ती म्हणाली, "काय सांगू गं, पाहुण्यांच्या गडबडीत राहूनच गेलं. गेलं ना तुझं वर्ष?"

श्रद्धा म्हणाली, "माझं नाही हो. माझा कॉलेजला द्यायचा निबंध मेमध्येच शेजारचे अर्शदभाई मुंबईला घेऊन गेले होते."

 

"त्या पाकिटात तुमचा प्रवेशअर्ज होता, वहिनी. गुणपत्रिका विनय भावजींनी शोधून दिली होती, फी त्यांनीच भरली होती. फक्त तुमची सही राहिली होती."