बाबांनी सोललेले बटाटे

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांचा उजवा हात अर्धांगवायूनं अधू झाला. व्यायाम म्हणून ते रोज बटाटे सोलायचे आणि ती सालं मी प्रयोगशाळेत न्यायचे. सालांमधलं औषधी द्रव्य वेगळं काढून मोजायचं, हे माझं काम. पण बाबांच्या सालांना इतका गर चिकटलेला असायचा की सालांचीच भाजी झाली असती. त्या गरापायी द्रव्याच्या प्रमाणाचा आकडा घसरायचा. "दुसरीकडून सालं आण," प्रयोगशाळेतल्या मॅडम कुरकुरायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आज आकडा एकदम वर गेला. यंत्रावर संशय आला, पुन्हा मोजलं, तोच आकडा. मग पिशवीत उरलेलं एक साल उजेडात धरलं. त्यातून पलीकडची खिडकी दिसली. मी फोन लावला. "बाबा, आज बटाटे कोणी सोलले?" "मीच. का, बिघडलं काही?" "हो. माझं घड्याळ. तुमच्या आजारपणापासून बंद आहे. संध्याकाळी उघडून बघाल?"