एरंड की दुधी

भर दुपारी, वेल्ह्याजवळच्या एका बांधावर, उपेंद्रराव एरंडाखाली मांडी घालून सावलीची परीक्षा घेत होते. ते संस्कृतचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर मोबाईलवरून हिब्रू शिकले. हे अख्ख्या भोरला माहीत होतं, कारण ते अख्ख्या भोरला सांगत.

बायबलमधल्या योनाच्या गोष्टीचा त्यांचा अनुवाद छापायला निघाला होता. एकच शब्द अडला होता: कीकायोन. उन्हात रुसून बसलेल्या योनावर देव रातोरात एक झाड वाढवतो आणि दुसऱ्याच दिवशी ते मारतो. त्या झाडाचं हे नाव. या गोष्टीबाहेर बायबलात ते कुठंच येत नाही. कुणी म्हणतो भोपळ्याचा वेल, कुणी म्हणतो एरंड. जुन्या काळी एका गावात यावरून दंगा झाला होता. भोरमध्ये अजून शांतता होती.

"संध्याकाळपर्यंत कळवायचंय छापखान्याला," छत्रीखालून त्यांच्या पत्नी मालिनीताई म्हणाल्या. अनुवाद त्यांनीच टाइप केला होता.

"काल कामथडीत दुधीच्या मांडवाखाली बसलो. गार वाटलं, पण योना काही अंगात येईना. इथं बघ, पान केवढं!"

तेवढ्यात बांधाच्या मालकीण सगुणाबाई कोयता घेऊन आल्या. "मास्तर, सरका. बिया खाऊन माजं करडू मरता मरता वाचलं. ह्यो काढायचाय."

"संध्याकाळपर्यंत थांबा हो!"

"तवर दुसरं खाईल."

दोन घावांत एरंड आडवा झाला. ऊन थेट टकलावर आलं. उपेंद्रराव ताडकन उठले. "माझं झाड! कुणाला विचारून तोडलंत माझं झाड?"

मालिनीताईंनी छत्री जराही न हलवता, योनाला देवाने विचारलेलं वाक्य म्हटलं: "जे तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, त्या झाडाचा तुला एवढा कळवळा?"

उपेंद्रराव थबकले. मग त्यांनी उडीच मारली. "आला! मालिनी, योना आला! अगदी तोच राग! कळव त्यांना, एरंडच!"

"दुधी तोडला असता तरी आला असता."

ते ऐकायला उपेंद्रराव जागेवर होते कुठं? ते ढेकळांतून नाचत होते. सगुणाबाईंनी पडलेल्या एरंडाचं सगळ्यात मोठं पान खुडलं, त्यांना धरून उभं केलं, पान टकलावर ठेवलं आणि वरून हलकेच दाबलं.

"ऊन लागलंय," त्या मालिनीताईंना म्हणाल्या. "उतरंल."