दुसरी बटालियन

१९८६ सालची गोष्ट. ओहायोतल्या डब्लिनमध्ये सीमाच्या शेजारी हॉकिन्स नावाचे म्हातारे इंग्रज राहत. महायुद्धात ते ब्रिटिश पायदळात होते. सीमाची आई, उमाबाई, भारतातून आल्याचं कळताच ते रेजिमेंटचा अल्बम घेऊन हौसेनं चहाला आले.

"पहिली बटालियन वाळवंटात कापली गेली, तिसरी इटलीत," ते सांगत होते आणि सीमा आईला मराठीत समजावत होती. "आमची दुसरी नशीबवान. आम्हाला हिंदुस्थानात पाठवलं." मग त्यांनी नेमकं उमाबाईंच्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं. "बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये तिथे एक मोर्चा तेवढा पांगवला. बाकी चार वर्षांत शत्रूचं तोंडसुद्धा पाहिलं नाही!"

उमाबाई उठल्या. हॉकिन्सपुढचा भरलेला कप उचलून त्यांनी चहा सिंकमध्ये ओतून दिला.

"आई, प्लीज! पाहुणे आहेत ते," सीमा कळवळून म्हणाली.

"तोंड कसं दिसेल, म्हणावं," उमाबाई हॉकिन्सकडे रोखून बघत म्हणाल्या.

"माझ्या दादाला गोळी पाठीत लागली होती."