आपोआप डिपर

मॉन्टेनेग्रोच्या घाटात समोरच्याने डिपर मारला, की पुढे पोलीस आहेत असं समजून सगळे गाडी हळू करतात. वुकोताच्या नव्याकोऱ्या एसयूव्हीचे दिवे मात्र आपले आपणच डिपर मारायचे.

"अरे, माझ्यामुळे अख्खा घाट दचकतो!" सहाव्यांदा तक्रार करताना तो ओरडला.

"काका, कॉम्प्युटर म्हणतो, दिवे ठणठणीत आहेत," सर्व्हिस सेंटरचा ओब्राद हसला. "तुम्ही जरा राकिया कमी प्या."

आठवड्याने भरदिवसा वळणापलीकडचा रस्ता दरीत कोसळला. वुकोता गाडी वळवून समोरून येणाऱ्यांना डिपर मारत सुटला. बस थांबली, ट्रक थांबला.

मग ओब्राद आला. त्याने गाडी ओळखली, हसून हात केला आणि तसाच वेगात वळणाकडे गेला. ते दिवे उगाच मिचकतात, हे वुकोताइतकंच त्यालाही पहिल्यापासून ठाऊक होतं.