सात नंबरचा पट्टा

सात नंबर पुन्हा चढला. एकशे एकवीस, एकशे तेहेतीस, एकशे एकेचाळीस. जिमच्या भिंतीवरच्या बोर्डावर सातचा चौकोन हिरव्याचा पिवळा झाला, आणि वजनमापे खात्यातल्या इन्स्पेक्टरचा ट्रेडमिलवर पाय चुकता चुकता राहिला.

सात नंबर म्हणजे त्याची बायको. ती पुढच्या रांगेत चालत होती आणि ट्रेनर तिच्या मशीनवर वाकून चढ वाढवत होता. इथे प्रत्येकाच्या छातीला एक पट्टा, पट्ट्याला एक नंबर, आणि हृदयाचे ठोके थेट बोर्डावर. सकाळच्या वेळेला आठ जण, आठ चौकोन. लपवाछपवीला जागाच नव्हती.

ट्रेनरचं सांगणं एकच असायचं: हिरव्यात राहा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये. चरबी हिरव्यातच जळते, लाल झालं की नुसती दमछाक. पोरगा असेल सव्वीसचा. बाह्या इतक्या आखूड की शिंप्यानं कापड मारलं असावं. बायकोला तो मॅडम म्हणायचा आणि इन्स्पेक्टरला काका. नवराबायकोच्या वयात अंतर होतं तीन वर्षांचं.

ती दोन महिन्यांपासून येत होती. गेल्या आठवड्यात घराचे तीन मजले ती पहिल्यांदाच न थांबता चढली आणि वरून कठड्यावर वाकून खाली बघत हसली होती. ही सगळी सरांची कृपा, असंही म्हणाली होती. दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्टरनं जिममध्ये नाव घातलं. पोट फार सुटलंय, हे कारण दिलं. पोट पंधरा वर्षांपासून सुटलेलंच होतं.

ट्रेनर चढ वाढवून निघून गेला आणि सात नंबर शहाण्यासारखा खाली उतरला.

इन्स्पेक्टरनं ते टिपलं. पण तो उतावळा माणूस नव्हता. बावीस वर्षं त्यानं दुकानदारांचे काटे तपासले होते आणि एकदा तोलून कुणालाही खोटं ठरवलं नव्हतं. तीनदा तोलायचं, तीनदा तेच आलं तरच कागदावर घ्यायचं. तो चालत राहिला आणि बोर्डाकडे बघत राहिला. ट्रेनर तिला पाण्याची बाटली द्यायला गेला: एकशे अडतीस. कोपराला धरून हात कसा हलवायचा ते त्यानं दाखवलं, ती काहीतरी बोलून हसली: एकशे एकोणपन्नास, लालभडक. मग तो दाराशी जाऊन फोनवर बोलू लागला: एकशे चोवीस.

तीनदा तोलून झालं होतं.

त्याचा स्वतःचा आठ नंबर मात्र एकशे अठरावर, हिरवागार. डोळ्यांदेखत एवढं चाललंय तरी आपला ठोका ढळत नाही, याचं त्याला त्या अवस्थेतही जरा कौतुक वाटलं. कानात धडधडत होतं, तळहात ओले झाले होते. पण आकडा तो आकडा.

आपल्यासाठी हिचं काळीज असं कधी उडालं होतं, ते त्याला आठवेना. चहाचा कप पुढे ठेवताना? विजेचं बिल भरलंत का विचारताना? छे. नवऱ्यासाठी सदान्‌कदा हिरवा, आणि तो लाल त्या आखूड बाह्यांसाठी. त्याला ट्रेनरचा हेवा वाटला, अगदी शाळकरी मुलाला वाटावा तसा, आणि आपल्याला हेवा वाटतोय याचा संतापही आला.

साडेसातला मशीनं थांबली. लोक पट्टे सोडू लागले तसे बोर्डावरचे चौकोन एकेक करून शून्यावर आले. ती मान पुसत त्याच्याजवळ आली.

"उद्यापासून यायचं नाही," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"तू."

टॉवेल मानेवरच थांबला. बोर्डावर आठ नंबर एकदम वीसनं चढला. चला, आपलाही राग दिसला एकदाचा, असं इन्स्पेक्टरला वाटलं. तिनं कारण विचारलं, तेव्हा त्यानं हनुवटीनं बोर्ड दाखवला. सर जवळ आले की सात नंबर कसा उड्या मारतो ते अख्ख्या जिमला दिसतं, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. आपण तीनदा बघितलंय, हेही सांगितलं.

तिनं बोर्डाकडे बघितलं. मग टी-शर्टाखाली हात घालून तिनं आपला पट्टा सोडला, उलटा केला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला. आतल्या बाजूला आठ लिहिलेला होता.

"घरी वाळत घातलेले आपले पट्टे सकाळी दोरीवरून तुम्हीच काढलेत," ती म्हणाली. "चाळिशी न लावता."

बोर्डावर आठचा चौकोन शून्यावर आला. इन्स्पेक्टरचा हात आपोआप छातीकडे गेला. आता बोर्डावर एकटा सात उरला होता. इन्स्पेक्टर जागच्या जागी उभा होता आणि सात चढत होता.

"मी उद्या येणार आहे," ती म्हणाली.

दाराशी उभ्या ट्रेनरनं फोन खाली घेतला. "सात नंबर कोण आहे? लाल झालाय. खाली बसा जरा. एवढ्यावर चरबी जळत नाही."

"मग काय जळतंय?" तिनं विचारलं. ट्रेनरला नव्हे.