राईतल्या शेवटच्या वेण्या

"पोतं खाली ठेव," गोजरा म्हणाली.

मोरा बंदराच्या धक्क्याला लाँच नुकतीच लागली होती. माणसं, टोपल्या, कोंबड्या, सगळा नुसता गलका. त्या गलक्यात लाँचवरचा खलाशी गोवर्धन खांद्यावर ओलं पोतं घेऊन उभा होता, आणि गोजरा त्याची वाट अडवून.

"मावशे, हितं नको. घरी चल, सांगतो."

"घरी? तुजी पायधूल नको मला घरात. ठेव!"

त्याने ठेवलं. गोजराने सुतळी तोडली. आत सीतेच्या वेण्या होत्या, मुळांसकट, पोतंभर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का नाही जाणार? गावामागच्या पाणथळीतली राई गावदेवीची. तिथल्या फांद्यांवर ह्या वेण्या वाढायच्या, जेठात गुलाबी तुरे हात-हातभर लोंबायचे. ते देवीचे केस, म्हणून गावातलं शेंबडं पोरही हात लावत नसे. सासूमागे राखण गोजराकडे आली. पण साठ-एकसष्ट साल उजाडलं, मुंबईच्या बंगलेवाल्यांना असल्या फुलांचं वेड लागलं, आणि कोण्या मेल्याने राई ओरबाडून काढली. गुडघाभर चिखलात रुतत गोजरा राखणीला जायची. चोर काही हाती लागला नाही. आता राईत एकही वेणी उरली नव्हती.

शेवटी तिच्या लेकानेच, रामचंद्राने, छडा लावला. तो मुंबईला गोदीत कामाला. सुट्टीपुरता घरी यायचा. काल म्हणाला, "आये, गोवर्धनला धर. लाँचवाल्याबिगर माल मुंबईला जाईलच कसा?" पटण्यासारखंच होतं. आज तो आईबरोबर धक्क्यावर आला होता. हे पोतं परतीच्या फेरीत मुंबईलाच जाणार होतं, दुसरं काय?

"कुंपनानंच शेत खाल्लं!" गोजरा कडाडली. "गावाचं मीठ खातोस नं देवीचे केस उपटतोस? हात झडतील तुजे!"

लोक जमले. कोणीतरी गोवर्धनच्या थोबाडीत दिली. त्याचा ओठ फुटला. तो रामचंद्राकडे बघत राहिला.

"बग कसा बगतोय," रामचंद्र म्हणाला. "चोर तो चोर, वर शिरजोर!"

गोजरा पोत्याशी वाकली. "जाऊ दे. आदी ह्या परत फांद्यांवर बांदू."

"आये, चोराच्या हातानं बाटल्यात त्या. बाटलेलं देवीला चालतं व्हय? दर्यात सोड."

गावची रीत तशीच होती. देवीचं काही बाटलं तर दर्याच्या हवाली करायचं. देवळातून चोरीला गेलेलं लुगडं सापडलं, तेही सासूने असंच सोडलं होतं. तरी गोजराचा हात अडला. ह्या गेल्या की राईतली वेणी कायमची संपली.

गोवर्धन पुढे झाला. "नको मावशे, पाया पडतो तुज्या. वेण्या अजून जित्या हायत. बांदल्या तर धरतील."

म्हणजे आता हा शिकवणार! गोजराचं डोकंच फिरलं. तिने पोतं उचललं आणि धक्क्यावरून उलटं केलं. ओहोटी लागली होती. बघता बघता वेण्या लांब गेल्या. गोवर्धन मटकन खाली बसला.

"बेस केलंस, आये," रामचंद्र म्हणाला.

तेवढ्यात लाँच हाकणारा सारंग मुस्तफा वरून ओरडला, "अरे, हे काय केलंत मावशी? मुंबईपासून मांडीवर घेऊन आला तो पोतं! सारखा पानी शिंपडत होता. बंगल्या-बंगल्यात हात जोडून मागून आनल्यात त्यानं, तुमच्या राईत परत लावायला!"

गोजरा गोवर्धनजवळ खाली बसली. पदराने त्याचा ओठ पुसायला गेली.

"मेल्या, मंग तवाच का नाय बोललास?" तिला रडू आवरेना. "इकल्या कुनी त्या? ठावं हाय तुला?"

"हाय."

"मंग नाव घ्यायचंस! माराला कशाला थोबाड पुढं केलंस?"

गोवर्धनने ओठावरचं रक्त पुसलं आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "सगल्या गावासमोर तुज्या रामचंद्राचं नाव घेऊ, मावशे?"